इंजिनाचा पंचनामा कोण करणार?

वॉरंटीतल्या गाडीच्या इंजिनातून आवाज येऊ लागला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होणारा संवाद जवळपास ठरलेला असतो. मालक सांगतो, खालून ठोके ऐकू येतात. सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीतून एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, या मॉडेलला एवढा आवाज असतोच. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ एवढेच उमटते. काही महिन्यांनी तेच इंजिन पश्चिम द्रुतगती महामार्गावर सीझ झाले, की प्रश्नांची दिशा उलटते. ऑइल वेळेवर बदलले होते का, गाडी पाण्यातून नेली होती का, बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला होता का, याची उत्तरे आता मालकाने द्यायची असतात. इंजिन का गेले हे ठरवण्याचा अधिकार अशा वेळी त्याच कंपनीच्या यंत्रणेकडे असतो, जिच्या खिशातून नव्या इंजिनाचा खर्च जाणार असतो. आरोपीनेच पंचनामा लिहावा आणि फिर्यादीने त्यावर मुकाट्याने सही करावी, असा हा प्रकार आहे. तो थांबवायचा तर दोन गोष्टी नियमाने बंधनकारक व्हायला हव्यात. आवाजाची तक्रार आली त्याच दिवशी ती पुराव्यासह नोंदवली गेली पाहिजे, आणि वॉरंटीच्या काळात ‘चूक मालकाची’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असली पाहिजे.

आवाज म्हणजे मालकाचा भ्रम, असे मानण्याचे काही कारण नाही. इंजिनातल्या प्रत्येक हलत्या भागाची आपली एक लय असते आणि बिघाडही त्याच लयीत बोलतो. वरच्या बाजूने येणारी हलकी टकटक बहुधा टॅपेटची किंवा व्हॉल्व्हची असते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ही टकटकही निम्म्या वेगाची असते, आणि ऑइलचा दाब चढल्यावर ती विरली तर सहसा चिंता नसते. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले काही क्षण साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर संशय टायमिंग चेनवर आणि तिच्या टेन्शनरवर जातो. थंड इंजिनात येणारा आणि ते तापल्यावर कमी होणारा बोदा ठोका पिस्टन सिलिंडरमध्ये ढिला झाल्याचे सुचवतो. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबताच येणारे किणकिणणे इंधनाच्या अवेळी पेटण्याचे असते. खालून येणारा, भार पडला की वाढणारा, इंजिन तापल्यावर अधिकच स्पष्ट होणारा जड ठोका मात्र कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तो ऐकू आला की गाडी चालवणे थांबवावे, कारण पुढची पायरी रॉड तुटून ब्लॉक फोडण्याची असते. साकीनाक्याच्या गल्लीतला जुना मेकॅनिक लांब पेचकसाचे टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून आवाजाची जागा शोधतो. आता हेच काम स्कॅनरने एकेका सिलिंडरचे इंजेक्टर बंद करूनही होते. ज्या सिलिंडरचे इंधन तोडल्यावर ठोका मंदावतो, दोष त्या सिलिंडरच्या रॉडमध्ये किंवा पिस्टनमध्ये असण्याची शक्यता मोठी. सोबत ऑइलचा दाब मोजला आणि काढलेल्या ऑइलमध्ये धातूचा चुरा आहे का हे पाहिले, तर इंजिन न खोलताही बरेच काही कळते.

हा पुरावा मात्र नाशवंत आहे. बेअरिंग झिजते आहे तोवर आवाज दोषाची जागा दाखवतो, पण इंजिन सीझ झाले की सगळे भाग एकमेकांवर घासून इतके खराब होतात की सुरुवात कुठून झाली हे सांगणे अवघड होते. म्हणून पहिल्या तक्रारीची नोंद महत्त्वाची. ती नीट घेतली नाही तर काय होते, हे ह्युंदाई आणि किआ यांच्या थीटा-2 इंजिनांच्या प्रकरणाने अमेरिकेत दाखवून दिले. ह्युंदाईच्या अमेरिकेतल्या कारखान्यात बनलेल्या काही इंजिनांच्या क्रँकशाफ्टमधल्या ऑइलच्या वाटांमध्ये मशिनिंगचा धातूचा चुरा राहून गेला होता. त्याने ऑइल अडायचे, बेअरिंग झिजायचे, ठोके सुरू व्हायचे आणि अखेर इंजिन चालत्या गाडीत बंद पडायचे. 2015 मध्ये पहिले रिकॉल झाले, 2017 मध्ये व्याप्ती वाढली. 16 लाखांहून अधिक गाड्या वेळेत परत बोलावल्या नाहीत, म्हणून नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने दोन्ही कंपन्यांशी मिळून 21 कोटी डॉलरच्या दंडाचे करार केले. कंपनीतूनच माहिती बाहेर देणाऱ्या अभियंत्याला 2021 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. मालकांना या बिघाडासाठी इंजिनाच्या ब्लॉकची आजीवन वॉरंटी द्यावी लागली. कारखान्यात राहिलेला चुरा कोणत्याही मालकाला दिसणे शक्य नव्हते. त्याला ऐकू येत होता तो फक्त ठोका. एकट्यादुकट्याची तक्रार वर्कशॉपच्या दारातच विरते, आणि तशा हजारो तक्रारी एकत्र मांडल्या की कारखान्यातला दोष उघडा पडतो. पण एकत्र मांडायला आधी त्या लिहिल्या तर गेल्या पाहिजेत.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न अधिक टोकदार आहे, कारण इथली गाडी कमी धावते आणि इंजिन मात्र खूप चालते. घाटकोपरहून लाल बहादूर शास्त्री मार्गाने मुलुंड चेकनाक्यापर्यंत, किंवा बोरिवलीहून लिंक रोडने अंधेरीपर्यंत गर्दीच्या वेळी जाणारी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. ओडोमीटरवर किलोमीटर थोडे चढतात, पण एसी चालू, इंजिन तापलेले आणि ऑइल सतत कामाला लागलेले असते. वॉरंटी मात्र वर्षे आणि किलोमीटर मोजते, इंजिन किती तास चालले ते मोजत नाही. बहुतेक गाड्यांच्या मालकपुस्तिकेत ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असा वेगळा तक्ता असतो. थांबत-थांबत चालणारी वाहतूक, धूळ, फार वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहणे या गोष्टी त्यात येतात आणि अशा वापरासाठी ऑइल लवकर बदलायला सांगितलेले असते. त्या तक्त्यानुसार बोरिवली ते अंधेरी रोज ये-जा करणारा जवळपास प्रत्येक जण ‘कठीण’ गटातच मोडतो. गाडी विकताना हे कोणी समजावून सांगत नाही. सांगितला जातो तो नेहमीचा सर्व्हिसचा टप्पा. दावा आला की मात्र त्याच पुस्तिकेतला तो तक्ता मालकापुढे ठेवता येतो. इंधनाचेही तेच. 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल 2025 पर्यंत सर्वत्र पोहोचले, पण त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांचीच मर्यादा छापलेली आहे. पंपावर साधे पेट्रोल म्हणून जे मिळते तेच भरणाऱ्याला पुढे ‘चुकीचे इंधन’ म्हणून दोषी धरता येणार असेल, तर त्याने करायचे तरी काय?

यात भर पावसाळ्याची. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो अपवाद होता. अंधेरी सबवेत पाणी भरणे हा अपवाद नाही, ते दर पावसाळ्यात होते. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले की ते दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी रॉड इतका थोडा वाकतो की गाडी पुन्हा सुरू होते, काही दिवस आवाज करत चालते आणि मग कोसळते. हे नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि बसायलाही नको. विम्याचे तर आणखी वेगळे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेले तर ‘परिणामी नुकसान’ म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे कलम वेगळे घ्यावे लागते. कंपनी विम्याकडे बोट दाखवते, विमा कंपनी यांत्रिक बिघाडाकडे, आणि दोघांच्या मधे मालक उभा राहतो. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायला लागणारे इंजिन तेवढ्या काळात वर्कशॉपच्या कोपऱ्यात उघडे पडलेले असते.

कायदा अशा वेळी काय देतो? 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने बऱ्याच सोयी केल्या. आता राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत मिळते, मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि 50 लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो. उपनगरातल्या माणसाला त्यासाठी वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत जावे लागते. याच कायद्याने उत्पादन-दायित्वाचे नवे प्रकरणही आणले, त्याचे स्वागत झाले. पण त्यातली ‘हानी’ची व्याख्या वाचली तर खुद्द वस्तूचे झालेले नुकसान तिच्यातून वगळलेले दिसते. म्हणजे इंजिन फुटून माणूस जखमी झाला तर ते प्रकरण लागू, नुसते इंजिन गेले तर मालकाने ‘सदोष वस्तू’ची जुनीच वाट धरायची. त्या वाटेवर उत्पादनातला दोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करा, असा आग्रह अनेक निकालांत दिसतो. कलम 38 नुसार आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अहवाल 45 दिवसांत यावा असे कायदा सांगतो, पण चाचणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे. चाचणी लागणारी प्रकरणे पाच महिन्यांत निकाली काढावीत हेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात आयोगांवरच्या नेमणुकाच इतक्या रखडल्या की 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

न्यायालयांचा कल मात्र एका दिशेने गेलेला नाही, आणि तेच आशेचे कारण आहे. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वॉरंटी म्हणजे सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे, अख्खी गाडी बदलून देणे तिच्यात येत नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात. पण त्याआधी 2004 मध्ये कुर्ल्यात पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या एका डिझेल गाडीच्या प्रकरणात याच न्यायालयाने, सदोष गाडी नवी कोरी म्हणून विकण्याचा प्रयत्न लाजिरवाणा असल्याचे सुनावले होते. दोष मान्य करायचे सोडून कंपनी खटला लढवत राहिली, यावरही नाराजी दाखवली होती. आणि 2022 मध्ये, अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात ह्युंदाईविरुद्ध निकाल देताना न्यायालयाने म्हटले, की वेग आणि आघाताचे गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही. हेच तत्त्व इंजिनाला लावले तर ऑइलच्या वाटेतला चुरा किंवा बेअरिंगचे मोजमाप सिद्ध करण्याची अपेक्षाही मुलुंडच्या शिक्षकाकडून किंवा घाटकोपरच्या दुकानदाराकडून करता येणार नाही. एखादी गोष्ट ज्याच्या खास माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, हे तत्त्व आपल्या पुरावा कायद्यात पूर्वीपासून आहे आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम 109 म्हणून कायम आहे. ग्राहक आयोगांनी ते मनापासून वापरले तरी बरेच काम होईल.

यावर पहिला आक्षेप येईल तो मालकांच्या हलगर्जीपणाचा. ऑइल न बदलणारे, दिवा पेटला तरी गाडी दामटणारे, पाणी भरलेल्या सबवेत घुसणारे लोक आहेतच, आणि त्यांच्या इंजिनाचा खर्च कंपनीने का सोसावा? सोसू नये. पण नेमकी हीच कारणे आपली खूण मागे ठेवतात. पाणी शिरले असेल तर एअर फिल्टरवर आणि नळीत डाग राहतो, वाकलेला रॉड मोजून दाखवता येतो. ऑइल बदलले नसेल तर काळा गाळ साचतो, आणि सर्व्हिसच्या तारखा कंपनीच्याच संगणकात असतात. आजच्या भारत स्टेज-6 गाड्या बिघाडाच्या वेळचे तापमान, फेरे, वेग अशा नोंदीही साठवतात आणि त्या वाचण्याचे साधन वर्कशॉपकडे असते. म्हणजे मालक दोषी असेल तर ते सिद्ध करणे कंपनीला सोपे आहे. निर्दोष मालकाला आपले निर्दोषत्व सिद्ध करणे मात्र जवळजवळ अशक्य. ज्याला सोपे त्याने सिद्ध करावे, यात प्रामाणिक कंपनीचे काहीच जात नाही.

दुसरा आक्षेप असा की आवाज व्यक्तिसापेक्ष आहे, एकाला ठोका वाटतो तो दुसऱ्याला जाणवतही नाही, मग नोंद कसली करायची? याचे उत्तर कंपन्यांनीच दिले आहे. थीटा-2 च्या गाड्यांत ह्युंदाई आणि किआने पुढे असे सॉफ्टवेअर घातले, जे नॉक सेन्सरवरून बेअरिंग झिजल्याची थरथर ओळखते, चालकाला इशारा देते आणि गाडीचा वेग मर्यादित करते. म्हणजे आवाज मोजता येतो. वर्कशॉपमध्ये याहून साधे पुरते: थंड आणि गरम इंजिनाचे ध्वनिमुद्रण, त्या वेळचे फेरे, ऑइलचा दाब आणि स्कॅनरचा अहवाल, आणि या सगळ्याची प्रत मालकाच्या हाती. आवाज खरोखरच नॉर्मल असेल तर ‘नॉर्मल’ असे सहीनिशी लिहून द्यायला कोणाची हरकत असावी? तोंडी सांगायला तयार असलेली गोष्ट लिहून देताना हात आखडत असेल, तर शंका घेण्याचा हक्क मालकाला आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. भार कंपनीवर टाकला तर गाड्या महागतील, असे सांगितले जाईल. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात आणि सिंगापूरने 2012 मध्ये आणलेल्या लेमन कायद्यात, ताबा घेतल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे धरले जाते, तसे नव्हते हे विक्रेत्याने दाखवायचे. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने ही मुदत किमान एक वर्ष केली. आपल्याकडे गाड्या विकणाऱ्या अनेक कंपन्या या बाजारांतही गाड्या विकतात आणि तिथला धंदा त्यांनी काही गुंडाळलेला नाही. शिवाय खर्च आजही होतोच. फरक एवढाच की तो हजारो गाड्यांत वाटला जाण्याऐवजी ज्या एका कुटुंबाच्या वाट्याला बिघडलेले इंजिन आले, त्याच्यावर एकरकमी कोसळतो.

रिकॉलची तरतूद आहे ना, असेही विचारले जाईल. मोटार वाहन कायद्यातले रिकॉलचे कलम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि कंपन्या स्वतःहूनही गाड्या बोलावतात. मार्च 2024 मध्ये मारुतीने बलेनो आणि वॅगनआर मिळून 16,041 गाड्या फ्युएल पंपाच्या मोटरमधल्या संभाव्य दोषासाठी बोलावल्या, कारण त्याने इंजिन बंद पडण्याचा धोका होता. हे चांगलेच झाले. पण सरकारी रिकॉलचा आधार तक्रारींची संख्या आणि सुरक्षेचा धोका हा आहे. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहिले गेले तर ती तक्रार कोणाच्याच हिशेबात येत नाही.

मालकांना गप्प बसवणारी आणखी एक भीती असते, बाहेर दाखवले तर वॉरंटी जाईल. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधने बाजारात खुली न केल्याबद्दल सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला. तेव्हाच सांगितले होते, की मालक बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण अपिलांत गेले, दंडाची रक्कमही वादात राहिली, पण त्यामागचा विचार साधा आणि रास्त आहे. विश्वासातल्या मेकॅनिकने नुसता आवाज ऐकून मत दिले, तर त्याने इंजिनाचे काहीच बिघडत नाही.

राज्य सरकारने आणि ग्राहक आयोगांनी म्हणून काही कामे तातडीने करावीत. वॉरंटीतले इंजिन खोलण्यापूर्वी मालकाला लेखी सूचना देणे आणि त्याच्या किंवा त्याने नेमलेल्या तज्ज्ञाच्या समोर ते खोलणे बंधनकारक करावे. काढलेले भाग आणि ऑइलचा नमुना वाद मिटेपर्यंत मोहोरबंद ठेवावेत. अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आणि माटुंग्याचे व्हीजेटीआय यांच्यासारख्या संस्थांना अशा तपासणीसाठी प्रयोगशाळा म्हणून मान्यता द्यावी, म्हणजे उपनगरातल्या माणसाला तज्ज्ञ शोधत फिरावे लागणार नाही. 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी या मागणीचा पाठपुरावा करावा.

हे होईपर्यंत वाचकाने आपल्या हातातले करावे. आवाज ऐकू आला त्याच दिवशी मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करा, थंड इंजिनाचा वेगळा, गरम इंजिनाचा वेगळा. तक्रार जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ‘जनरल चेकअप’वर सही करू नका. ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर मिळाले तर तेच ईमेलने लेखी मागा. ऑइलच्या पावत्या जपून ठेवा, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, आणि तुमच्या गैरहजेरीत इंजिन खोलण्याची परवानगी देऊ नका. दाद मिळत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा आयोगाकडे जा.